सुतकातली फोडणी

दादा, तू गेलास आणि घरात सगळी रडली, एक तुझा सुभेदार सोडून.

वहिनी रडली, आत्या रडली, माझी बायको शोभा रडली. भावकीतले जे लोक बांधावरून तुझ्याशी बोलत नव्हते, तेसुद्धा येऊन गळा काढून गेले. तुमच्या पोटी लेकरू नाही, त्यामुळं मडकं माझ्या खांद्यावर आलं, आणि मी असा रडलो की दोघांना मला धरावं लागलं. तुझं कुत्रं मात्र तुझ्या लोखंडी कॉटखाली, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून, कोरड्या डोळ्यांनी पडून होतं. भेटायला आलेल्या बायकांनी ते बरोबर हेरलं. "धनी गेला, पर कुत्र्याच्या डोळ्यात टिपूस न्हाई," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "हवालदारानं पोटच्या पोरावानी जपलं की ओ त्याला. जनावर ते जनावरच."

मी भिंतीला टेकून बसलो होतो. त्यांचं बोलणं ऐकलं. राग नाही आला, भीती वाटली. त्याचे डोळे कोरडे का आहेत हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं, मला होतं. तू गेल्यापासून त्यानं तोंडात घास घेतला नव्हता. त्याच्या तोंडाला पाणी सुटल्याशिवाय त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही, आणि डोळ्यांत पाणी आलं नाही तर बुबुळं सुकतात. थोडे दिवस असंच चाललं असतं तर तुझा सुभेदार आंधळा झाला असता. पण सुतकात बसलेल्या माणसानं चार बायकांत कुत्र्याच्या लाळेचं काय सांगायचं? 

मी भित्रा, हे तुला नवीन नाही. मी विजेला भितो, मारक्या म्हशीला भितो, अवेळी फोन वाजला की भितो. कुत्र्यांना तर लहानपणी पोटरीला चावल्यापासून भितो. तू म्हणायचास, "बाळ्या, लय भ्याड हाईस गड्या. माझ्या वाटणीची भीती पण तूच खाऊन बसलास." मला ते पटायचं. तू पलटणीत असताना घरात भिण्याचं काम माझ्याकडंच होतं. तू निवृत्त होऊन आलास तेव्हा मला वाटलं, चला, आता निम्मं ओझं उतरलं.

आणि तू ते कुत्रं ठेवून घेतलंस. आपल्या भावकीतला तो गलाईवाला, दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान असलेला, जत्रेला गाडी भरून माणसं घेऊन आला होता. त्याच्या पोरांचं ते कुत्रं. लोंबत्या कानांचं, तपकिरी, कॉकर जातीचं. डोळे चिपडांनी भरलेले, जवळ गेलं की वास मारायचे, म्हणून पोरांनी त्याचा नाद सोडलेला. "दोन दिस ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," असं म्हणून तो गेला तो गेलाच. तुला त्याचा राग आला नाही. तू हवालदार म्हणून बाहेर पडलेला माणूस, कुत्र्याचं नाव ठेवलंस सुभेदार. "जल्मभर सुभेदाराचं हुकूम ऐकलं. आता एखादा सुभेदार माझं ऐकंल," म्हणालास. प्रत्यक्षात रोज सकाळी त्यालाच सलाम ठोकायचास, आणि वहिनी म्हणायची, "हुकूम कोण कुणाचा ऐकतंय ते दिसतंय."

रोज सकाळी त्याच्या पापण्या चिकटलेल्या असायच्या. कोमट पाण्यात कापूस बुडवून तू त्या सोडवायचास, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला तोंडाला हात लावू द्यायचा नाही. विट्याच्या डॉक्टरबाईंनी त्याच्या खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून ठेवली. निरोगी डोळ्यात ती पट्टी भिजत जाते म्हणाल्या. सुभेदाराची पट्टी कोरडी ती कोरडीच. "याच्या डोळ्यांत पाणीच तयार होत नाही," बाई म्हणाल्या. मग मलमं झाली, थेंब झाले, महिनेच्या महिने गेले. बुबुळावर तपकिरी पडदा धरायला लागला. अंगणात ठेवलेल्या बादलीला तो धडकला, त्या दिवशी तू दुपारचा जेवला नाहीस.

मग बाईंनी ऑपरेशनचं काढलं. तोंडात लाळ आणणारी नळी गालातून सोडवायची, कातडीखालून वर न्यायची आणि डोळ्याच्या खालच्या पापणीत तिचं तोंड उघडायचं. लाळ तोंडात पडायच्या ऐवजी डोळ्यात पडेल आणि डोळा ओला राहील. मला वाटलं बाई चेष्टा करतायत. तू मात्र मान हलवून म्हणालास, "म्हंजे पाटाचं पाणी दुसऱ्या सरीला फिरवायचं." बाई हसून म्हणाल्या, "अगदी तसंच."

घरी आल्यावर आत्यानं कपाळावर हात मारला. "थुंकी? डोळ्यात? आरं, उष्टं पाणी ते. कुत्र्याचा झाला म्हणून काय झालं, डोळा तो डोळाच." तू म्हणालास, "आत्ते, सकाळी उठल्या उठल्या शिळी थुंकी डोळ्याला लावतीस, ती काय काशीची असती व्हय?" आत्या त्यानंतर कितीतरी दिवस तुझ्याशी बोलली नाही. तू तिच्यापुढं चहाचा कप सरकवायचास आणि ती तो घ्यायची, पण तोंड फिरवून.

माझं म्हणणं वेगळं होतं. मी म्हणालो, भूल दिली आणि उठलंच नाही तर? तू म्हणालास, "मग माझ्या मांडीवर जाईल. कॉटच्या पायाला धडकत जगण्यापरास बरं." 

डोळ्यांचं ऑपरेशन करणारा डॉक्टर पुण्याहून साताऱ्याला यायचा. आपण पहाटे निघालो, कराड मागं टाकलं, सुभेदार सगळी वाट तुझ्या मांडीवर. तिथं त्यांनी आधी त्याच्या जिभेवर लिंबाचा थेंब टाकला, लाळेच्या गाठी शाबूत आहेत का बघायला. त्यानं असं तोंड वाकडं केलं आणि अशी लाळ गाळली की तू टाळी वाजवून म्हणालास, "भरती पास." नर्ससुद्धा हसली. मग त्याला आत नेलं.

दाराला काचेची खिडकी होती. मी बघणार नव्हतो, पण तू बघत होतास म्हणून बघितलं. टेबलावर सुभेदार आडवा, घशात नळी, गालावरचे केस भादरलेले, आणि जीभ एका बाजूनं बाहेर लोंबलेली. तू सावधान उभा होतास. तुझ्या हातात त्याची साखळी होती आणि ती बारीक वाजत होती. वारा नव्हता, पंखा नव्हता. साखळी का वाजते हे बघायला मी खाली नजर टाकली, आणि तुझा हात दिसला. मी लगेच भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागलो. दादा, तुला भिताना मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि मला वाटलं आता या जगात धरायला काही राहिलं नाही.

तो उठला. गळ्याभोवती प्लास्टिकचं नरसाळं घालून, दारुड्यासारखा झोकांड्या खात उठला आणि आधी तुझा हात चाटला. दुसऱ्या दिवशी नर्सनं उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्या नाकापुढं धरला. त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं, मग थेंब आला, मग धारच लागली. डॉक्टर म्हणाले, "चालू झाली." तू बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आलास.

पुढची गंमत आपल्या घरानं कितीदा बघितली. वहिनी आमटीला फोडणी द्यायची, मोहरी तडतडायची, लसूण लाल व्हायचा, आणि सुभेदार असेल तिथून येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायचा. दोन्ही गालांवरून घळाघळा पाणी. लसूण त्याच्या पोटात जाऊ देऊ नका, वास चालेल, असं बाईंनी बजावलं होतं. त्यामुळं फोडणी फक्त वासापुरती. त्याचा अंडं-भात वेगळा. तू ताट हातात घेऊन उंबऱ्यात उभा राहायचास आणि पलटणीच्या मेसमधल्यासारखा आवाज द्यायचास, "सुभेदार साब, खाना लग गया." त्या आवाजावर उरलासुरला थेंबही बाहेर यायचा. गावातली माणसं मुद्दाम जेवणवेळेला डोकावायची. हवालदाराचं कुत्रं जेवताना रडतंय म्हणायची. कुणी म्हणायचं, मागच्या जन्मीचं काही असेल. तू कुणाला खरं सांगितलं नाहीस. "लय हळवं हाय ओ," एवढंच म्हणायचास आणि मिशीत हसायचास. घराबाहेर खरं फक्त डॉक्टरांना ठाऊक.

आणि मग तुझी छाती दुखायला लागली.

सांगलीच्या डॉक्टरनं पडद्यावर तुझ्या हृदयाच्या नळ्या दाखवल्या. तुंबल्यात म्हणाले, बायपास करा, उशीर नको. मी तिथंच तुला म्हणालो, "तुझंच वाक्य, दादा. पाटाचं पाणी दुसऱ्या सरीला फिरवायचं." तू हसलास. घरी येताना गाडीत म्हणालास, "ऊस जाऊ दे. टोळी आली, तोड झाली, की बघू." आपल्याकडं सगळं उसावर ढकलतात. लग्न, घराचा गिलावा, डोळ्यांचा मोतीबिंदू, सगळं ऊस गेल्यावर. फडाला तुरे आले तरी टोळीचा पत्ता नाही, आणि मी रोज डेअरीतलं काम उरकून येताना तुझ्या दाराशी थांबायचो. तू म्हणायचास, आला बघा माझा मुकादम.

शेवटचं भांडण फडाच्या बांधावर झालं. मी तुला असं कधी बोललो नव्हतो. म्हणालो, "कुत्र्याला टेबलावर घातलंस, स्वतः का जात नाहीस? ऊस काय तुझ्या छातीपेक्षा मोठा आहे?" तू पाचट हातात घेऊन चुरत बसलास. मला वाटलं आता चिडणार. तू चिडला नाहीस. खाली बघत म्हणालास, "त्याची जीभ बघितलीस का रं तू? त्या दिवशी, काचेतनं?" मी मान डोलावली. "तशी माझी लोंबल्याली हिनं बघायची?" आणि घराकडं हात केलास.

म्हणजे ऊस निमित्त होतं. तू भीत होतास. आणि भित्र्या माणसाशी कसं बोलायचं हे मला सोडून कुणाला चांगलं ठाऊक असणार? पण त्या वेळी मला काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत दुधाचं फॅट बघताना सुचलं. बाटली हातात तशीच राहिली. पण ती जीभ परत आत गेली की दादा. शुद्धीवर आल्यावर त्याच जिभेनं त्यानं आधी तुझा हात चाटला. एवढंच सांगायचं होतं. मी ठरवलं, दूध घेऊन झालं की थेट फडावर जायचं आणि हे एक वाक्य बोलायचं. त्याच सकाळी टोळी आली होती. मी पोचलो तेव्हा ऊस तुटत होता आणि तू विहिरीजवळ लिंबाला टेकून बसला होतास. टोळीतल्या लोकांना वाटलं, मालक सावलीला बसलेत. ते वाक्य माझ्याकडंच राहिलं.

तुझ्यामागं तुझं कुत्रं माझ्या गळ्यात पडलं. शोभानं अंडं-भात कालवून कॉटखाली सरकवला, त्यानं हुंगलंसुद्धा नाही. संध्याकाळी ताट तसंच, त्यावर मुंग्या. मग थेंबांची बाटली घेऊन मी गुडघ्यांवर बसलो. हात पुढं केला की तो गुरगुरायचा. त्याचे दात मला दिसत होते आणि माझी पोटरी लहानपणच्या जागी दुखत होती. पहिला थेंब त्याच्या नाकावर पडला, दुसरा माझ्या मनगटावर. सावडून आलो त्या दिवशी त्याचे डोळे धुरकट दिसले. तो ते मिटूनच घ्यायचा, पंजानं चोळायचा, उजेड आला की तोंड भिंतीकडं करायचा. मी डॉक्टरबाईंना फोन केला. आवाज खाली ठेवून बोललो, कारण पलीकडं बायका बसल्या होत्या.

बाई म्हणाल्या, "थेंब सोडू नका, पण नुसत्या थेंबांवर भागणार नाही. त्याला खायला लावा. बुबुळावर जखम झाली, ती आत गेली, तर डोळा हातचा जाईल. तोंडाला पाणी सुटेल असं काहीही करा."

काहीही केलं, दादा. बिस्कीट धरलं, पेढा धरला, बोटाला लिंबू लावून धरलं. त्यानं तोंड फिरवलं. भावकीतून आपल्याला डबे यायचे, त्यातली भाकरी धरली. आपल्यात दहाव्यापर्यंत घरात फोडणी नाही, तळण नाही, हे तुला ठाऊक आहे. चहा आणि त्याचा उकडलेला अंडं-भात तेवढा होतो. बाकी भावकीतून पिठलं येतं तेही फोडणीविना, वरण येतं तेही नुसतं उकडलेलं. "फोडणीचा चटका गेल्याल्या जिवाला बसतो," आत्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, जणू कुणीतरी कढई घेऊनच बसलंय.

मग एका दुपारी मी कॉटपाशी बाटली घेऊन बसलो होतो. पलीकडच्या गल्लीत, सुतक नसलेल्या कुणाच्या तरी घरात, मोहरी तडतडली. वास वाऱ्यावर आला, अगदी पुसट. सुभेदाराच्या नाकपुड्या हलल्या. आणि त्याच्या डाव्या डोळ्याचा कोपरा ओला झाला. एवढासा, नखाएवढा. मग वास गेला आणि तोही गेला.

माझ्या तेव्हा लक्षात आलं. तू गेल्यापासून त्याच्या लेखी या घरात जेवणवेळच झाली नव्हती. वास नाही, तडतड नाही, तुझी हाक नाही. आम्ही सगळी तुझा शोक पाळत होतो आणि त्या पाळण्यानंच त्याचे डोळे वाळत होते.

कळलं म्हणून धीर आला असं नाही. उलट भीती वाढली. आता मला काय करावं लागणार हे कळलं होतं. मीच अग्नी दिलेला, मीच सुतकात, आणि मीच फोडणी द्यायची? वास काही लपत नाही. अख्ख्या गल्लीला कळणार. आत्या काय म्हणेल, भावकी काय म्हणेल. दहाव्याला कावळा शिवला नाही तर सगळे माझ्याकडं बोट दाखवतील. पण या सगळ्यापेक्षा मोठी भीती वेगळी होती, आणि ती सांगायला मला लाज वाटत नाही. आत्या म्हणते ते खरं असलं तर? तेल तापलं आणि तू इथंच कुठंतरी असलास तर? तुझ्या अंगावर गरम तेल उडालं तर मी कुणाला तोंड दाखवू? असा मी दुपार सगळी घाबरत बसलो. समोर तो डोळे मिटून बसला होता, आणि एकदा त्यानं ते उघडायचा प्रयत्न केला तर पापणी बुबुळाला चिकटली होती. मी उठलो.

स्वयंपाकघरात मला मोहरी कुठं असते ठाऊक नाही. डब्यांचा आवाज झाला आणि आत्या दारात येऊन उभी राहिली.

"काय शोधतुयास?"

"मोहरी."

तिनं माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आरं, सुतक हाय."

"ठाऊक हाय, आत्ते."

"ठाऊक हाय तर मोहरी कशाला लागती?"

"कुत्रं आंधळं हुईल गं."

"कुत्र्यासाठी सख्ख्या भावाला चटका देतुयास?" आत्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. तिलासुद्धा भीती वाटत होती. तू तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला. मी डबा हातात घेऊन तसाच उभा राहिलो, आणि खरं सांगतो, ठेवूनच देणार होतो.

तेवढ्यात आत्याच्या मागून वहिनी म्हणाली, "ती न्हवं भावजी. वरल्या फळीवर, निळ्या झाकणाची बरणी."

तू गेल्यापासून ती कोपऱ्यातून उठली नव्हती. उठून आली, भिंतीला धरून उभी राहिली. आत्याला म्हणाली, "आत्याबाई, चटका बसला तर मला बोलतील ते. तुमाला न्हाई आन् भावजींनाबी न्हाई. जल्मभर मलाच बोलत आले." मग लसणाचा गड्डा तिनंच माझ्या हातात दिला.

मी गॅस पेटवला. कढईत तेल ओतलं आणि तापू दिलं. मोहरी चिमटीत धरली आणि मनात म्हणालो, दादा, तेल तापलंय, जरा लांब सरक. मग टाकली. चर्र झालं. लसूण टाकला. वास स्वयंपाकघरातून सोप्यात गेला, आणि सोप्यात बसलेल्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं.

कॉटखालून काही हालचाल नाही. लसूण लाल झाला, काळा पडायला लागला. मी गॅस बारीक केला. वहिनी म्हणाली, "हाक मारा की. त्यांच्यावानी."

सोप्यात भेटायला आलेली माणसं, पांढऱ्या टोप्या, पदर डोळ्याला लावलेल्या बायका, आणि मी उंबऱ्यात कुत्र्याचं अंडं-भाताचं ताट घेऊन उभा. मी डेअरीत नंबर पुकारतो तोसुद्धा कुणाला ऐकू येत नाही. पहिल्यांदा तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. दुसऱ्यांदा डोळे मिटले आणि ओरडलो, "सुभेदार साब, खाना लग गया."

आवाज तुझा आला, दादा. माझ्या तोंडातून तुझा. वहिनीनं पदराचा बोळा तोंडात धरला. आणि फरशीवर नखं वाजली.

तो आला. भिंतीला घासत, डोळे किलकिले करून आला, उंबऱ्याशी थांबला आणि माझ्याकडं न बघता माझ्या मागं बघायला लागला. तुला शोधत होता. मला वाटलं, आता वळणार. मी ताट खाली ठेवलं आणि हात मागं घेतला नाही, चावला तर चावू दे म्हटलं. त्यानं हुंगलं. पुन्हा मागं बघितलं. पुन्हा हुंगलं. मग त्याच्या उजव्या डोळ्यात काहीतरी चमकलं, मग डाव्या, आणि दोन्ही गालांवरून पाणी वाहायला लागलं. चिपडं सुटून खाली आली. तो खायला लागला आणि धार थांबेना.

सोप्यातून एक बाई ओरडली, "रडलं गं बाई, रडलं." सगळ्या दाराशी जमल्या. "आत्ता उमगलं त्याला," "मुकं जनावर, पर माया बघा," असं म्हणत सगळ्या पुन्हा नव्यानं रडायला लागल्या. ज्यांनी त्याला नावं ठेवली होती, त्या जास्त रडल्या. फोडणीचं कुणी नाव काढलं नाही. आणि आत्या, जिला ठाऊक आहे ते पाणी कुठून येतं, ती आमच्यामधून वाकली आणि आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसायला लागली. एक गाल, मग दुसरा. त्यानं तिला पुसू दिलं.

आता रोज दोन वेळा फोडणी देतो. गल्ली काही बोलत नाही. निदान माझ्यासमोर बोलत नाही. डॉक्टरबाई येऊन गेल्या. उजवा डोळा निभावेल म्हणतात. डाव्या बुबुळावर पांढरा ठिपका आहे, तो जातो की राहतो हे आताच सांगता येणार नाही. थेंब टाकताना तो अजून गुरगुरतो आणि मी अजून भितो, पण दोघंही आपापल्या जागेवरून हलत नाही.

उद्या दहावा. कावळा शिवेल की नाही, ठाऊक नाही. तुला चटका बसला असेल तर राग माझ्यावर ठेव, वहिनी काहीही म्हणू दे. आणि सांगलीचे डॉक्टर तुझ्या वेळी म्हणाले होते, धाकट्या भावानं पण नळ्या तपासून घ्याव्यात. मी दहाव्यानंतर जातोय. माझा ऊस अजून उभा आहे. शोभाला सांगितलंय, टेबलावर घालायची वेळ आली तर काचेतून बघू नको, बाहेर बस. आतापासून रात्री झोप नाही, पण जातोय.

एक राहिलंच. गावात सगळी सांगत फिरतायत, हवालदाराचं कुत्रं अखेर धन्यासाठी रडलं. मी कुणाला काही बोललो नाही, तू बोलला नसतास तसाच. लय हळवं हाय ओ, एवढंच म्हणालो. पण तुला खरं सांगतो, दादा. त्याला भूक लागली होती. तो खाऊन झाल्यावर मी कढईतली ती करपलेली फोडणी भातावर ओतली आणि उंबऱ्यात, तुझ्या जागी बसून जेवलो. मलापण लागली होती.